जुने धान्य, ताजे अन्न

आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांत आहाराविषयी नेमके काय सांगितले आहे हे पाहण्याच्या इच्छेने जो मनुष्य चरकाचे सूत्रस्थान उघडून बसेल, त्याच्या मनात ‘जितके ताजे तितके चांगले’ ही समजूत ठाण मांडून बसली असल्यास त्यास पहिली ठेच लागते ती धान्याच्याच प्रकरणी. कारण शिजविलेले अन्न ऊन ऊन आणि ताजे असावे असा आग्रह धरणारे हेच ग्रंथकार, ते अन्न ज्या धान्याचे करावयाचे ते मात्र नवे नसावे, निदान वर्षभर कोठीत मुरलेले असावे, असेही निक्षून सांगतात. नवे धान्य त्यांच्या मते पचावयास जड आणि अभिष्यंदी, म्हणजे शरीरातील स्रोतसे बुळबुळीत करून अडविणारे. वर्ष उलटलेले धान्य हलके व पथ्यकर. आणि त्याहूनही फार जुने झालेले नीरस. गुळाचीही तीच कथा. नवा गूळ कफ वाढवितो व अग्नी मंद करतो, जुना हृद्य व पथ्य ठरतो. नवा मध शरीर पुष्ट करतो, जुना तेच शरीर कृश करावयास उपयोगी पडतो. आणि वर्षानुवर्षे ठेवलेले तूप तर अन्नाच्या वर्गातून उठून औषधांच्या फडताळात जाऊन बसते.

हा केवळ पोथीतला विचार राहिला असता तर त्याचे एवढे अगत्य वाटले नसते. पण कोकणात आश्विनी पौर्णिमेस नव्याची पौर्णिमा साजरी होते, भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधल्या जातात, नव्या तांदळाचा नैवेद्य देवापुढे जातो. आणि त्याच घरात कोणी तापातून उठलेले असले तर त्याच्या पेजेसाठी म्हणून गेल्या सालचा तांदूळ कणगीच्या तळातून काढला जातो. स्वयंपाक करणाऱ्या बाईस याचे कारण विचारले तर ती अभिष्यंद वगैरे काही बोलणार नाही. नवा तांदूळ गिच्च होतो, जुना मोकळा शिजतो आणि पाणीही अधिक पितो, एवढेच ती सांगेल. साठवणीत तांदळाचा चिकटपणा कमी होतो व त्याची पाणी शोषण्याची शक्ती वाढते, ही गोष्ट आजच्या धान्यशास्त्रासही मान्य आहे.

म्हणजे आयुर्वेदाचा ताजेपणा हा शेतातून तोडल्यापासूनच्या घटकांवर मोजावयाचा नाही, तो चुलीवरून उतरविल्यापासूनच्या वेळेवर मोजावयाचा आहे. आणि ज्याप्रमाणे ताजेपणाचा, त्याप्रमाणेच शुद्धतेचाही या शास्त्रातील अर्थ आपल्या सर्वसाधारण कल्पनेहून बराच निराळा आहे.

आजकाल शुद्ध आहार म्हटला की कांदालसूण वर्ज्य केलेले, मांसमत्स्याचा वाराही न लागलेले, शक्य तर कच्चे किंवा अर्धेकच्चे अन्न डोळ्यांसमोर येते, आणि त्यावर सात्त्विक ही मोहर उठविली की तेच आयुर्वेदीय अन्न, असे धरून चालण्याचा शिरस्ता पडला आहे. सत्त्व, रज व तम या गुणांना अनुसरून आहाराची त्रिविध वाटणी भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे, आणि शिजवून प्रहर उलटून गेलेले अन्न तामसी लोकांस प्रिय असते असेही तेथे सांगितले आहे. हा विचार मनाच्या घडणीचा आहे, साधकाचा आहे, आणि त्याच्या ठिकाणी तो योग्यच आहे. वैद्याचा प्रश्न वेगळा. समोर बसलेल्या माणसाच्या जठराग्नीस हे अन्न आज झेपेल काय, एवढेच त्यास विचारावयाचे असते. आणि म्हणून चरकाने सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात अन्नपानाचे जे बारा वर्ग पाडले आहेत, त्यांत शूकधान्ये, शमीधान्ये, शाक, फळे, गोरस आणि उसाचे पदार्थ यांच्या पंक्तीस मांसवर्ग आणि मद्यवर्ग निःसंकोचपणे बसलेले आहेत, आणि आले-मुळा यांच्याबरोबर लसूण व कांदा हरितवर्गात आपापली जागा धरून आहेत. कोणत्या पशुपक्ष्याचे मांस कोणास हितकर, कोणास अपायकारक, याचा तेथील तपशील एखाद्या खानसाम्यास लाजविणारा आहे.

लसणीविषयी तर एक मौजेची हकीकत आहे. इ. स. १८९० मध्ये बॉवर नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यास मध्य आशियातील कुचा येथे भूर्जपत्रांवर लिहिलेले एक जुने संस्कृत हस्तलिखित मिळाले; ते सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातील मानले जाते, आणि त्याचा आरंभच लसणीच्या गुणवर्णनाने झालेला आहे. राहूचा शिरच्छेद झाला तेव्हा त्याच्या गळ्यातून जे अमृतबिंदू भूमीवर पडले त्यांपासून लसूण उपजली, आणि दैत्याच्या देहाचा संपर्क झालेला असल्यामुळे द्विज ती खात नाहीत, ही कथा त्यात आहे. पण ब्राह्मण रोगी दाराशी आला आणि त्यास लसणीवाचून गुण येण्यासारखा नसला तर वैद्याने काय करावे? त्यावर तोड अशी सुचविली आहे की गायीस तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवून नंतर चाऱ्यात लसणीची पात मिसळून घालावी, आणि त्या गायीचे दूध, दही, तूप त्या ब्राह्मणास द्यावे. धर्मशास्त्राचा हुकूम मोडावयाचा नाही आणि औषधाचा गुणही सोडावयाचा नाही, अशी ही तडजोड वाचताना हसू येते खरे. परंतु पवित्र काय आणि पथ्यकर काय हे दोन प्रश्न दोन निरनिराळ्या दफ्तरांतले आहेत, याची त्या जुन्या वैद्यास किती स्वच्छ जाणीव होती, हेही त्यातून दिसते.

महाराष्ट्रात ही दोन्ही दफ्तरे एकाच माणसाने सांभाळल्याचे उदाहरण आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी मंत्रिपदावर असलेल्या हेमाद्रीने व्रते, दाने, श्राद्धे यांचा अवाढव्य संग्रह ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या नावाने केला, आणि त्याच हेमाद्रीने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. एका ग्रंथात उपवासाचे पदार्थ आणि दुसऱ्यात अग्नीचे पदार्थ. आपल्या घरांतून मात्र या दोहोंची सरमिसळ कधीच होऊन गेली आहे. चातुर्मासाच्या तोंडावर आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी करून कांद्याच्या भज्यांवर शेवटचा हात मारावयाचा आणि मग चार महिने कांदा, लसूण, वांगे बंद ठेवावयाचे, या प्रथेस हल्ली मोठ्या विश्वासाने आयुर्वेदाचा दाखला दिला जातो. वास्तविक वर्षा ऋतूत वात प्रकोप पावतो असे आयुर्वेद म्हणतो, आणि लसूण ही वातहर द्रव्यांत अग्रगण्य. तेव्हा निव्वळ वैद्यकाच्या निवाड्याने पाहिले तर पावसाळ्यात लसणीस मनाई करण्यापेक्षा मुभाच अधिक मिळावयास हवी. प्रथा मोडावी असे सांगण्याचा माझा हेतू नाही. तिची सनद कोणत्या शास्त्राकडून मिळाली आहे एवढे ओळखून ती पाळावी.

मग या शास्त्राच्या दृष्टीने शुद्ध अन्न कोणते? ज्याचे शरीरात रसापासून शुक्रापर्यंतच्या सात धातूंत यथाक्रम रूपांतर होते आणि ज्याचा कच्चा, अपक्व अंश, ज्यास आम म्हणतात, मागे उरत नाही, ते. या व्याख्येत पदार्थ एकटा येत नाही, खाणाराही येतो. म्हणूनच चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचे हिताहित ठरविणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या: पदार्थाचा स्वभाव, त्यावर केलेला संस्कार, त्याचा इतर पदार्थांशी संयोग, त्याची राशी म्हणजे प्रमाण, देश, काल, खाण्याचे नियम आणि खाणारा. या आठांतील पहिल्या एकाच गोष्टीवर आपली सारी चर्चा अडून राहते. तूप चांगले की वाईट, दूध प्यावे की पिऊ नये, या वादांस मासिकांतून व चहाच्या टेबलांवरून अंत नाही. पण कोणी, केव्हा, किती, कशाबरोबर, हे प्रश्न विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

संस्कार ही बाब त्यातल्या त्यात स्वयंपाकघराशी लगट करणारी असल्यामुळे तिच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. तांदूळ तोच, पण त्याच्या लाह्या झाल्या की हलका, पोहे झाले की जड. दही शोथ वाढविणारे, पण पाव हिस्सा पाणी घालून ते घुसळले आणि त्याचे ताक झाले की तेच शोथावर, मूळव्याधीवर, ग्रहणीच्या, म्हणजे अन्न पचविणाऱ्या आतड्याच्या, विकारावर हितकर ठरते. दह्याविषयी चरकाने घातलेल्या अटी तर इतक्या आहेत की त्या वाचून आपल्या जेवणाची अर्धी ऐट उतरावी: रात्री खाऊ नये, तापवून खाऊ नये, आणि तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांपैकी कशाची तरी जोड दिल्यावाचून खाऊ नये. रोज सेवन करू नयेत अशा पदार्थांच्या यादीतही दही आहे, उडीद आहेत, मासे आहेत. आणि रोज सेवन करावे अशांत साठीचा तांदूळ, साळीचा तांदूळ, मूग, सैंधव, आवळा, जव, दूध, तूप, मध यांच्याबरोबर पावसाचे स्वच्छ पाणी व जांगल प्रदेशातील प्राण्यांचे मांसही आहे. जेवणाच्या शेवटी ताकभात खाऊन उठण्याची आपली रीत मात्र या कसोटीस चांगली उतरते. आरंभी गोड व स्निग्ध, मध्ये आंबट-खारट, शेवटाकडे तिखट-तुरट असा जो क्रम सुश्रुताने लावून दिला आहे, त्याचेही वळण आपल्या पानात बव्हंशी सापडते. पहिला भात वरणतुपाचा आणि शेवटचा ताकाचा, ही मांडणी ज्या कोणी प्रथम केली त्याची रसना आणि त्याचे शास्त्र यांचे चांगले सख्य असले पाहिजे.

संस्काराचे सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणजे पेज. एक भाग तांदूळ आणि चौदा पट पाणी घेऊन शिते गाळून घेतली की मंड, सहा पट पाण्यात शिते राखून शिजविली की यवागू, चार पट पाण्यात दाट आटविली की विलेपी. पंचकर्माने ज्याचे शरीर नुकतेच शोधले आहे अशा रोग्यास या पायऱ्यांनी चढवीत, पुढे साध्या कढणावरून फोडणीच्या कढणावर व मांसरसावर आणून मग नेहमीच्या जेवणावर सोडावे, असा या ग्रंथांचा बंदोबस्त आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे किंवा गोव्यात सकाळच्या दुसऱ्या प्रहरी कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी गेल्यास हीच वस्तू चुलीवर भेटते. धुतलेले उकडे तांदूळ आधण चांगले खळखळल्यावर वैरलेले असतात. जाळ ओढून मंद केलेला असतो. दाणा फुटून मऊ झालेला असला तरी त्याचा आकार मोडलेला नसतो आणि वर तांबूस, किंचित दाट निवळ तरंगत असते. धडधाकट माणसास तीच पेज वाडगाभर, सोबत लोणच्याची फोड किंवा निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. आजाऱ्यास नुसती निवळ, तीत मिठाचा खडा आणि जिऱ्याची पूड. घाटावर हेच काम गुरगुट्या भात आणि मेतकूट करतात. हे अन्न गरिबाचे म्हणून त्याची उपेक्षा होते. पण वैद्याच्या दृष्टीने कोणत्याही फळाच्या रसापेक्षा ते श्रेष्ठ, कारण अग्नी विझू न देता त्यास हळूहळू काम देणारे दुसरे अन्न यासारखे नाही.

येथेच कच्च्या आहाराचा प्रश्न निकालात निघतो. मोड आलेली कडधान्ये कच्ची खाणे हे आरोग्याचे शिखर समजणाऱ्या मंडळींनी हे लक्षात घ्यावे की मोड आणून केलेल्या धान्यांच्या पदार्थांस चरकाने जड म्हटले आहे. आमची मटकीची उसळ त्या जडपणावर उपाय योजते: मोड शिजतात, वर हिंगाची फोडणी बसते; आणि वात-कफाचे शमन करणाऱ्या, अग्नी चेतविणाऱ्या द्रव्यांत हिंग सर्वश्रेष्ठ असल्याचा निर्वाळा तर चरकानेच दिलेला आहे. हा हिंग इराण-अफगाणिस्तानातून येतो, हे स्थानिक अन्नाचे अतिरेकी पुरस्कर्ते सोयीस्करपणे विसरतात.

संयोगाच्या बाबतीत चरकाने एक रंगतदार सभा वर्णिली आहे. चैत्ररथ वनात ऋषी जमले आहेत आणि विरुद्ध आहाराचा विषय निघाला आहे. मासे दुधाबरोबर खाऊ नयेत असे आत्रेय सांगतात. त्यावर भद्रकाप्य उठून म्हणतो की चिलिचिम नावाचा एक मासा तेवढा वगळावा, बाकीचे खाण्यास हरकत नाही. आणि आत्रेय त्याचे खंडन करून सर्वच मासे दुधाबरोबर वर्ज्य, त्यांतही चिलिचिम अधिकच, असा निकाल देतात. ग्रंथ आज्ञापत्रासारखा नाही, त्यात पूर्वपक्षास बोलू दिले आहे, हे यातून ध्यानात येते. मासे आणि दूध यांची ही फारकत मराठी घरांत आजही कटाक्षाने पाळली जाते. कोकणी माणसाने माशांवर नारळाचा रस व सोलकढी यांचा उतारा शोधून काढला आणि गायीच्या दुधास त्या पंक्तीतून दूर ठेवले. पण विरुद्धाची ती यादी पुढे वाचावी तर आपली पंचाईत होते. आंबट द्रव्ये आणि आंबा, केळे, फणस, जांभूळ, इतकेच काय नारळही दुधाबरोबर विरुद्ध असे तेथे म्हटले आहे, आणि मराठी मूल पोळीबरोबर शिकरण खाऊनच मोठे झालेले असते. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ पिकल्या आंब्याच्या रसात दूध घालून खाण्याची वाखाणणी करतो. म्हणजे हजार-दीड हजार वर्षांच्या अनुभवाने शास्त्रातही फेरफार होत गेले. शिवाय चरकाने स्वतःच पळवाट ठेवली आहे: जो तरुण आहे, व्यायाम करणारा आहे, ज्याचा अग्नी प्रखर आहे आणि ज्यास एखादा संयोग सवयीने सात्म्य झाला आहे, त्यास विरुद्ध अन्नही बाधत नाही. शिकरण खाणाऱ्यांस एवढा आधार पुरे.

प्रमाणाविषयी मात्र पळवाट नाही. पोटाचे तीन भाग कल्पावेत, एक घन अन्नाचा, एक द्रवाचा आणि एक वातपित्तकफांच्या हालचालीसाठी मोकळा, असे चरक सांगतो. वाग्भट चार भाग करतो व दोन अन्नास देतो. त्याहून महत्त्वाचा नियम असा की आधीचे जिरल्यावाचून पुढचे खाऊ नये. आधीचे न जिरता पुन्हा खाण्यास अध्यशन म्हणतात आणि ग्रहणी बिघडण्याचे ते एक मोठे कारण सांगितले आहे. शुद्ध ढेकर, मलमूत्राची वेळेवर प्रवृत्ती, अंगात हलकेपणा आणि मग लागणारी खरी भूक, ही जिरल्याची लक्षणे. सकाळी न्याहारी, अकराला चहा-बिस्किट, दुपारी डबा, चारला पुन्हा चहा व त्याबरोबर चिवडा, रात्री उशिरा टीव्हीसमोर जेवण, ही जी आपल्या नोकरदार वर्गाची दिनचर्या, तीत ही चार लक्षणे एकत्र जुळून येण्यास जागाच राहत नाही. आणि अशा माणसाने रासायनिक खतावाचून पिकविलेला तांदूळ दामदुपटीने आणून खाल्ला तरी वैद्याच्या लेखी त्याचा आहार अशुद्धच राहतो.

ऋतूंचा विषय मोठा आहे, पण मराठी वाचकास तो सणांतूनच ठाऊक असतो. हेमंत-शिशिरात अग्नी प्रबळ, म्हणून भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी. वसंतात कफ पातळ होऊ लागतो, म्हणून पाडव्याचा कडू निंब. शरदात पित्त उसळते, म्हणून कोजागिरीचे गार दूध. सणांची मांडणी वैद्यांनी केली असा दावा मी करणार नाही; शेतात काय पिकते आणि अंगास काय मानवते यांचा मेळ शेकडो वर्षांत आपोआप बसत गेला असावा.

शिळ्या अन्नाविषयी दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत, कारण ताजेपणाचा खरा कस तेथे लागतो. ऊन अन्न रुचकर लागते, अग्नी चेतविते, लवकर जिरते आणि वाताचे अनुलोमन करते, म्हणजे त्यास खालच्या वाटेने नेते, अशी कारणे चरकाने दिली आहेत. आजचे सूक्ष्मजीवशास्त्र यास आपल्या परीने पुष्टी देते: भात शिजविल्यानेही बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू मरत नाहीत, आणि तो भात तासन्‌तास कोमट राहू दिला तर ते वाढून विषबाधा होऊ शकते. तेव्हा दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर झाकून ठेवून त्याचा फोडणीचा भात करण्यापेक्षा तो लगोलग शीतकपाटात ठेवणे शहाणपणाचे, आणि मोजकाच शिजविणे त्याहून शहाणपणाचे. शिळे आणि आंबविलेले यांत मात्र घोटाळा करू नये. कांजी हा ग्रंथमान्य पदार्थ आहे आणि देशावरची आंबील तिचीच नातलग. तेथे आंबणे हा बुद्ध्या केलेला संस्कार आहे, विसरून राहिलेल्या पातेल्याची ती कर्मकथा नव्हे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास, व्यंकोजी राजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याचा काल निश्चित करण्यासाठी पुष्कळ परिश्रम घेतले. या ग्रंथात पदार्थांचे वैद्यकीय गुणदोष आणि भोजनाचे धर्मशास्त्रीय विधिनिषेध दोन्ही एकत्र आले आहेत, आणि शुद्ध संस्कृताच्या मध्येच देशी पदार्थांची देशी नावे खुशाल डोकावतात. जिलबीचा इतिहास शोधताना गोडे यांस याच ग्रंथाचा आधार सापडला. जुन्या निघंटूंत नसलेला पदार्थ ताटात आला तर त्याकडे पाठ न फिरविता त्याचे गुण तपासून त्यास यादीत दाखल करून घ्यावे, ही नवहस्ताची वृत्ती आजही अनुकरणीय आहे. कारण मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई यांपैकी एकही चरकास ठाऊक नव्हते, पोर्तुगीज या किनाऱ्यावर उतरल्यानंतरच्या काळात ती आपल्याकडे आली, आणि त्यांच्यावाचूनचे मराठी ताट आज कल्पिताही येत नाही. आयुर्वेदात मिरची नाही म्हणून ती टाकावी म्हणणारा आणि प्राचीन काळापासून आपण मिरची खात आलो म्हणणारा, दोघेही सारखेच भाबडे. कटुरस, उष्ण वीर्य, पित्तकर, एवढी तिची जातकुळी रसनेस कळते; पुढचे प्रमाणावर सोपवावे.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. मधुमेह, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे विकार ज्यांस जडले आहेत त्यांनी भात, तूप, मीठ, गूळ यांविषयीचा कोणताही फेरबदल केवळ लेख वाचून करू नये. उपयोक्ता, म्हणजे खाणारा, ही त्या आठ गोष्टींतली शेवटची गोष्ट आहे आणि त्याची प्रकृती समक्ष पाहिल्यावाचून चरकानेही चिकित्सा सांगितली नसती. निरशे दूध अधिक शुद्ध समजून न तापविता पिण्याची जी नवी टूम निघाली आहे, तीही घातक आहे.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली ‘आयुर्वेद आहार’ या नावाने एक स्वतंत्र नियमावली जारी केली. प्रमाण मानलेल्या ग्रंथांतील कृतीनुसार केलेल्या अन्नास आता ते नाव व चिन्ह लावून बाजारात आणता येते, आणि दोन वर्षांखालील बालकांसाठी असे अन्न विकण्यास मनाई आहे. बाजारात अगोदरच ज्याचा सुळसुळाट आहे त्यावर काहीतरी अंमल बसविण्याची ही तजवीज असल्यामुळे तिचे स्वागतच करावयास हवे. परंतु एखादे पाकीट उलटून पाहावे. त्यावर द्रव्याचा स्वभाव छापता येतो, कोणता संस्कार केला तो छापता येतो, संयोग घटकांच्या यादीत येतो, राशी ग्रॅममध्ये येते. देश व काल यांच्या जागी कारखान्याचा पत्ता आणि तारीख येते. राहिलेल्या दोन गोष्टी, सकाळचे जिरले आहे की नाही आणि खाणाऱ्याची तब्येत आज कशी आहे, या कोणत्याही कारखानदारास छापता येण्यासारख्या नाहीत. त्या घरात चूल पेटविण्यापूर्वी ज्याने त्यानेच विचारून घ्यावयाच्या असतात, आणि पुष्कळदा त्यांचे उत्तर ‘आज नुसती पेजच टाका’ असे येते.